वरून काय देता?

माझ्या जुन्या लष्करी जीपचं काम सरकारने अडवलं, असं मी जवळपास तीन महिने दिसेल त्याला सांगत होतो. दुकानात गिऱ्हाइकाला, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला, दाढी करताना न्हाव्याला. न्हाव्याच्या हातात वस्तरा असायचा म्हणून तिथे जरा हळू आवाजात. ऐकणारा प्रत्येक जण मान हलवायचा. सरकारविरुद्ध बोललेलं ऐकून मान न हलवणारा माणूस मला नागपुरात अजून भेटलेला नाही. त्यामुळे आपलं म्हणणं खरंच असावं, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मी मूळचा नागपूरजवळच्या उमरेडचा. घरी हातमाग होता. वडील लुगडी विणायचे आणि व्यापारी सांगेल त्या भावात देऊन यायचे. भाव ऐकताना ते जमिनीकडे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायचो. माग बंद पडल्यावर मी गाड्यांचे सुटे भाग पिशवीत घालून खाणींच्या वर्कशॉपमधून विकत फिरलो. मग नागपुरात दुकान झालं, तिथल्याच नंदनवन भागात घर झालं. या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलेल्या भावात मी काहीही घेतलेलं नाही. डॉक्टरची फीसुद्धा नाही.

आणि भाव ठरला म्हणजे सौदा संपला, असं मी मानत नाही. त्यानंतर माझा एक ठरलेला प्रश्न असतो, "वरून काय देता?" भाजीवर वरून सांभार, म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. चपलेवर वरून पॉलिशची डबी. पलंगावर वरून दोन उशा. मुलीच्या लग्नाच्या वेळी हॉलवाल्याकडून मी वरून एक जास्तीचा दिवस घेतला होता. त्या दिवशी आमचा काहीही कार्यक्रम नव्हता. तरी मी जाऊन रिकाम्या हॉलमध्ये दोन तास बसून आलो.

जीप मला उमरेडलाच सापडली. कोळशाच्या एका जुन्या ठेकेदाराच्या आवारात ती वर्षानुवर्षं उभी होती. महायुद्धाच्या काळातली, परदेशात बनलेली, सैन्याच्या लिलावातून खाणीवर आलेली. मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली होती. ठेकेदाराच्या वारसांशी मी सौदा केला, त्यात तीनदा रागाने उठून गेलो आणि तीनदा चष्मा विसरल्याच्या निमित्ताने परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा आधीच दारात आणून ठेवला होता. शेवटी गाडी मिळाली. वरून कोंबडी मागितली, ती मिळाली नाही. अंडी मिळाली.

लष्करी गाड्या जमवण्याचा छंद असलेले लोक नागपुरात बरेच आहेत. बहुतेकांकडे पैसा वडिलांचा असतो. माझ्याकडे एकच गाडी, पण ती पूर्ण असली पाहिजे, जशी कारखान्यातून निघाली तशी, असा माझा हट्ट. आणि ती पूर्ण नव्हती. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी डबा असतो. तो इंजिनाची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही देतो. लष्करी जीप चिखलातून, नाल्यातून निघते ती त्याच्या जोरावर. माझ्या गाडीत त्या जागी कुणीतरी लोखंडाचा सांगाडा वेल्डिंग करून बसवला होता. पुढची चाकं नुसती शोभेची होती.

हे कुणी केलं ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. नागपुरातच, सक्करदऱ्याला एक म्हातारे मिस्त्री राहायचे. मी पिशवी घेऊन खाणीवर फिरायचो तेव्हा ते तिथल्या वर्कशॉपमध्ये होते. माझी पिशवी ते टेबलावर उलटी करायचे आणि म्हणायचे, "यातलं असली कोणतं अन् नकली कोणतं, तूच सांग. मले शोधाले लावू नको." त्यांना गाडी दाखवायला आणलं. ते खाली वाकले, टॉर्च मारला, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"काय झालं मिस्त्री?"

"हे वेल्डिंग माहं आहे," ते गाडीखालूनच म्हणाले.

मग बाहेर येऊन, हात पुसत त्यांनी सांगितलं. ते तेव्हा विशीतले होते. पावसाळ्यात कोळशाच्या चिखलात गाडी फसली, चालवणाऱ्याने नको तितकी रेटली आणि डब्यातल्या गिअरचे दात तुटले. त्या काळी परदेशातून सुटा भाग आणायचा तर परवाना लागायचा, आणि परवाना मिळवायला ठेकेदाराला गाडीपेक्षा जास्त खर्च आला असता. त्याने सांगितलं, काढून टाका, दोन चाकांवर चालू द्या. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने डबा काढला. तो भंगारात गेला.

"पन्नासच्या वर वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "चांगल्या जनावराचे समोरचे पाय बांधून ठेवावे तसं वाटलं होतं तवा. तू डबा आण गा शेठ. मी काढला, मीच बसवीन. अन् एकदा चालवीन. मंग मी सुटलो."

शेठ म्हणत असले तरी ते मला अरेतुरेच करतात. पिशवी पाहिलेल्या माणसाला तो अधिकार आहे.

मिस्त्री 'सुटलो' म्हणाले त्यालाही कारण होतं. त्यांची बायको वारली होती आणि सुरतेला असलेली मुलगी त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. त्यांच्या एका डोळ्याला दिसत नव्हतं, हाताला कंप होता. मुलीने चार महिन्यांनंतरचं तिकीट काढून ठेवलं होतं. तेवढाच वेळ होता.

मी इंटरनेटवर शोधायला लागलो. परदेशात एका म्हाताऱ्याकडे असा डबा निघाला. युद्धाच्या काळात बनलेला, पण कधीच गाडीला न लागलेला. ग्रीस फासून, मेणकागदात गुंडाळून, लाकडी पेटीत बंद. वयाने जुना, वापराने नवा. माझा एक मावसभाऊ पन्नाशीपर्यंत तसाच होता. ही गोष्ट महत्त्वाची होती, कारण वापरलेले जुने भाग बाहेरून आणायचे म्हटलं की नियमांचं जंगल लागतं. न वापरलेल्याला वाट सोपी.

मला इंग्रजी वाचता येतं, लिहिताना मात्र घाम फुटतो. म्हणून मी मराठीत लिहायचो आणि मोबाइल भाषांतर करायचा. आठवडाभर घासाघीस चालली. तो म्हातारा भलताच चिवट निघाला. मी रागाने लिहायचो, "मग ठेवा तुमच्याचजवळ", आणि तो शांतपणे उत्तर द्यायचा, "ठीक आहे, ठेवतो." असा सौदा करतात का? समोरच्याने निदान थोडं तरी दुखावलं जावं. चष्मा विसरायचीही सोय नव्हती. शेवटी भाव त्याचाच राहिला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या भावात वस्तू घेतली. ते मला सहन होईना. म्हणून मी लिहिलं, "बरं, पण वरून काहीतरी टाका."

त्याचं उत्तर आलं, "वरून म्हणजे कुठून? माझ्या घराचं छत फार उंच नाही. आणि काय टाकू? खाली कोण उभं आहे?"

भाषांतराने घोळ केला होता. तो निस्तरायला आणखी चार पत्रं लागली. आमच्याकडे सौदा झाल्यावर विकणारा खुशीने काही फुकट देतो, ही पद्धत आहे, हे मी त्याला समजावलं. त्याला ती फार आवडली. त्याने लिहिलं, "सुंदर प्रथा आहे. मी तुमच्या पेटीत एक भेट ठेवली आहे." मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, "त्याचाही भाजीवाला करून टाकला जी तुम्ही."

भेट म्हणजे काय, ते पेटी नागपूरला आल्यावर कळलं.

माल सोडवायला लोक एजंट लावतात. मी लावला नाही. ज्या अकलेचे एजंट पैसे घेतो ती माझ्याकडे फुकट आहे, अशी माझी समजूत होती. कस्टमच्या ऑफिसात एक तरुण बाई अधिकारी होत्या, बोलण्यावरून कोल्हापूरकडच्या. त्यांनी कागद पुढे केला. परदेशी म्हातारा प्रामाणिक माणूस होता. पेटीत काय काय आहे त्याची यादी त्याने स्वच्छ अक्षरात लिहिली होती. पहिल्या ओळीत डबा. दुसऱ्या ओळीत: लष्करी रायफल स्टँड, अस्सल, भेट, मोफत.

"काका, हे काय मागवलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

काका हा शब्द मला आधीच लागतो. "मी मागवलं नाही. ते वरून आलं."

"वरून?"

मला कोथिंबिरीपासून सुरुवात करावी लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लष्करी जीपच्या काचेच्या खाली रायफल आडवी ठेवायला लोखंडी पट्टीचा एक स्टँड असतो, तोच हा. त्यात बंदूक नाही, गोळी नाही, चाप नाही. दोन वाकवलेल्या पट्ट्या आणि चार बोल्ट.

"पण हत्याराशी संबंधित लष्करी वस्तू म्हणून ती परवान्याशिवाय येत नाही," बाई म्हणाल्या. "डब्याची काही अडचण नाही. तुम्ही स्टँडवरचा हक्क सोडतो असं लिहून द्या, डबा आठ-दहा दिवसांत घेऊन जा."

इथे एखादा शहाणा माणूस सही करून घरी गेला असता. मी म्हणालो, "का सोडायचा?"

"कारण परवाना नाही."

"मॅडम, यात छत्री राहते. लाटणं राहतं. क्रिकेटची बॅट राहते. बघा तरी!" असं म्हणून मी त्यांच्या टेबलावरची लांब पट्टी हवेत आडवी धरून दाखवली. मागे रांगेत असलेला एक माणूस दोन पावलं मागे सरकला.

"मग त्यांनी यादीत छत्री-स्टँड का नाही लिहिलं?" बाईंनी शांतपणे विचारलं आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.

उत्तर नसलं की मला राग येतो. मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण त्यात हातमाग, कोळसा आणि स्वातंत्र्य हे तीन शब्द होते. शिपायाने मला पाणी आणून दिलं आणि खुर्ची दाराजवळ सरकवली.

त्या दिवसापासून मी स्टँडसाठी लढायला लागलो. अर्ज केले. वरच्या ऑफिसात पत्रं पाठवली. स्टँडचे फोटो चारी बाजूंनी छापून, त्यावर लाल पेनाने 'हे शस्त्र नाही' असं लिहून जोडले. तसा स्टँड आमच्या गल्लीतला वेल्डर एका दुपारी बनवून देतो म्हणाला होता. मी त्यालाच झापलं, "असली आणि नकलीतला फरक कळतो का तुला?" जन्मभर दोन्ही एकाच पिशवीतून विकत आलेला माणूस हे बोलत होता.

एवढं का लढलो? लोकांना मी तत्त्वाचं कारण सांगायचो. खरं कारण असं, की त्या संपूर्ण सौद्यात माझ्या कर्तबगारीने मिळालेली वस्तू ती एकच होती. डबा तर म्हाताऱ्याच्या भावाने आला. स्टँड मी कमावला होता. फुकटची वस्तू माणूस सोडत नाही. विकत घेतलेली एखादे वेळी सोडेल.

या काळात मिस्त्री आठवड्यातून तीनदा तरी सक्करदऱ्याहून ऑटोने माझ्याकडे यायचे. त्यांनी जुनं वेल्डिंग कापून काढलं. डबा जिथे बसणार ती जागा घासून अशी गुळगुळीत केली की तिच्यात बघून भांग पाडता आला असता. जाड कागद कापून बसवायचं पॅकिंग तयार केलं आणि वर्तमानपत्रात घडी घालून ठेवलं. बोल्ट डिझेलमध्ये धुऊन क्रमाने एका ताटात मांडले. ते ताट बायकोचं होतं. ती मिस्त्रींना काही बोलली नाही, मला बोलली.

दर वेळी मिस्त्री दारातूनच विचारायचे, "आला का गा डबा?"

आणि मी म्हणायचो, "सरकार सोडून नाही राहिलं, मिस्त्री."

"काहून पण? डब्यात काय बाँब आहे का?"

"आता काय सांगू तुम्हाला. नियम."

ते मान हलवायचे. "तवाबी नियमच होते," ते म्हणायचे, "अन् आताबी तेच. आपल्याच नशिबाले डबल कुलूप." आणि मग बसून एखादा बोल्ट पुन्हा पुसायचे. एका डोळ्याने दिसतं म्हणून बोल्ट नाकाजवळ नेऊन आटे तपासायचे. मी त्यांच्याकडे न बघता सरकारला शिव्या द्यायचो. शिव्या मनापासून होत्या, हीच त्यातली वाईट गोष्ट. मला स्वतःला त्या खऱ्या वाटायच्या.

अडीच महिने असे गेले. मिस्त्रींच्या तिकिटाला पंधरा दिवस राहिले. मग एका सकाळी मी दुकानात असताना ते घरी आले. बायकोने चहा दिला आणि बोलता बोलता म्हणाली, "तो बंदुकीचा स्टँड सोडला तर डबा दहा दिवसांत येते म्हणे. पण हे सोडतीन तर शप्पथ."

तिला वाटलं, मिस्त्रींना माहीत आहे. मी घरी आलो तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसले होते. चहा कपात तसाच होता, वर साय धरलेली. मला वाटलं ते ओरडतील. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला पक्कं येतं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "कोणता स्टँड गा?"

मी सांगितलं. सांगताना ते मला फार लहान ऐकू आलं. दोन पट्ट्या, चार बोल्ट.

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं का तिनं, सोडा म्हणून?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"हो, मिस्त्री."

त्यांनी मान गाडीकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे सरकार नाही गा. तूच अडवून राहिला." त्यांनी आपले पाने एक एक उचलून कापडात गुंडाळले. सोळा-सतराचा पाना सापडेना. मी शोधून दिला. त्यांनी तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "पन्नास वर्षांआधी परवान्याच्या साहेबानं अडवलं तं मी समजू शकत होतो," ते फाटकाजवळ थांबून म्हणाले. "त्याले काय माहीत होतं, गाडी काय असते. तुले माहीत होतं."

बायको दारात उभी होती. मिस्त्री गेल्यावर ती मला म्हणाली, "माहं चुकलं का जी?" मी नाही म्हणालो. तिच्यावर चिडायची मला फार इच्छा होती, पण कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी कस्टमच्या दारात उभा होतो. बाईंनी मला पाहिलं आणि टेबलावरची पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"स्टँड सोडतो," मी म्हणालो.

त्यांनी नमुना दिला. त्यात वाक्य होतं, की सदर वस्तूवरील हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे. माझं पेन तिथे अडलं.

"स्वेच्छेने कुठे? तुम्ही सोडायला लावताय."

"काका, मग ते चालणार नाही."

"नाइलाजाने लिहिलं तर?"

"नाही."

"बरं, 'इच्छेने' लिहितो. 'स्व' काढून टाका."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही माझ्याशी शब्दाचा भाव करताय का?"

करत होतो. तसा कशाशीही करतो. पण त्या क्षणी मला ओट्यावरचा कप आठवला आणि मी स्वेच्छेने लिहिलं. 'स्व' जरा वाकडा आला, तो त्यांनी पुन्हा गिरवायला लावला. निघताना त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी केलं असतं तर." मी म्हणालो, "मला आणखी कुणीतरी हेच म्हणालंय."

कागद पुढे सरकायला त्यांनी सांगितले होते तितकेच कामाचे दिवस लागले. मध्ये तीन सुट्ट्या आल्या. मला त्यांच्यावर रागावायचं होतं, पण त्यांनी आठ-दहा सांगितले होते आणि सुट्ट्या धरून तेरा लागले, म्हणजे रागावण्याजोगंही काही नव्हतं. मिस्त्रींची मुलगी मात्र ठरल्यापेक्षा आधीच आली, कारण त्यांचा चांगला डोळाही दुखायला लागला होता. तिने तिकीट बदलून घेतलं. डबा सुटायच्या तीन दिवस आधी ते गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. ते माझ्याशी बोलले, पण फक्त खालचा बर्थ मिळाला की वरचा, एवढंच.

डबा घरी आला तेव्हा नंदनवनातले दोन-तीन चांगले मेकॅनिक म्हणाले, आम्ही बसवतो, एका दिवसाचं काम आहे. त्यांचं खरं होतं. ताटात बोल्ट मांडलेले होते, पॅकिंग कापलेलं होतं. मी कुणाला हात लावू दिला नाही. पेटी चार दिवस अंगणात पडून राहिली. पाचव्या दिवशी मी सुरतेचं तिकीट काढलं आणि दोन हमाल लावून चाळीस किलोचं ते धूड गाडीच्या बाकाखाली सरकवलं. समोरच्या प्रवाशाने विचारलं, काय आहे? मी सांगितलं. 'लष्करी' हा शब्द ऐकून त्याने पुढचे सगळे तास पाय वर घेऊन प्रवास केला.

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मिस्त्री गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. पेटी खाली ठेवली त्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"काय आणलं गा?"

"डबा."

हात पुढे करून त्यांनी मेणकागद चाचपला, मग नखाने ग्रीस खरवडलं. ते इतक्या वर्षांत साबणासारखं कडक झालं होतं. "फरशीवर तेल नाही हं बाबा," मुलगी आतून म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "जुनी चादर आण. अन् याले चहा दे, याचा राग चहानं उतरते." राग मला आलेलाच नव्हता. पण मी चहा घेतला.

दोन दिवस त्यांनी त्या गॅलरीत डबा उघडून साफ केला. हात कापत होता, म्हणून मनगट गुडघ्यावर टेकवून पाना धरायचे. मी डिझेलची बाटली धरून बसायचो आणि ते सांगतील ते पुसायचो. एकेक दात ते अंगठ्याने तपासायचे. "तुटला नाही एकबी," दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले. मी म्हणालो, आता बसवायला नागपूरला चला. मुलगी म्हणाली, डोळा बरा झाल्याशिवाय नाही. मग आम्ही तिघांनी भाव केला. मी पंधरा दिवस मागितले, तिने तीन सांगितले. ठरलं ते असं, की होळीनंतर पाच दिवस, ती स्वतः सोबत येणार, आणि तोवर डबा सुरतेला राहणार. ही शेवटची अट मिस्त्रींची होती. "इथं राहिला म्हणजे मले यावंच लागीन," ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मी त्यावर हुज्जत घातली नाही.

ते आले. तिसऱ्या दिवशी डबा बसला. मी गाडीखाली होतो आणि ते बाजूला पाटावर बसून सांगत होते. माझ्या हाताने बोल्ट घट्ट झाला की नाही ते फक्त आवाजावरून ओळखायचे. "अर्धा आटा अजून. अर्धा म्हटलं, पाव नाही. इथं तरी पूर्ण दे."

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं उमरेड रोडवर एका नव्या लेआउटला गेलो. प्लॉटसाठी काळी माती खणून तिचे ढीग टाकलेले होते आणि टँकरच्या पाण्याने सगळा चिखल झालेला होता. मिस्त्री चालवायला बसले, परदेशी जीपचं स्टिअरिंग डावीकडे असतं. चांगला डोळा माझ्या बाजूला यावा म्हणून त्यांनी मान थोडी वळवून धरली होती, म्हणजे उजवीकडचं सगळं दिसत होतं आणि डावीकडचं मी सांगत होतो. पहिल्यांदा त्यांनी पुढची चाकं न जोडताच गाडी चिखलात घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, माती उडून माझ्या शर्टावर आली. मग त्यांनी खालचा दांडा ओढला. दात खरखरले. त्यांनी एक अस्सल खाणीतली शिवी दिली, पुन्हा ओढला, आणि पुढच्या चाकांनी माती पकडली.

गाडी हळूहळू वर निघाली. मिस्त्रींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "ओढते," ते म्हणाले. "ओढते गा."

ढिगावरून उतरून त्यांनी गाडी वळवली आणि परत चिखलात घातली. मग पुन्हा. पाचव्या की सहाव्या फेरीला माझा फोन वाजला. त्यांची मुलगी होती. जेवण झालं नव्हतं, डोळ्यात थेंब टाकायची वेळ टळून गेली होती, आणि बाबा कुठे आहेत, असं ती विचारत होती.

मिस्त्रींनी गाडी थांबवली नाही. माझ्याकडे न वळता म्हणाले, "सांग तिले, गाडी फसली म्हणून."

मी सांगितलं, "गाडी फसली आहे, वेळ लागेल." माझा आवाज अगदी खरा निघाला, सवयच होती. मिस्त्रींनी दांडा पुन्हा खाली ओढला.